मोठेबाबा, कोजागिरी आणि चंद्रावरचा झेंडा

वाचकाचं पत्र:
आमचे मोठेबाबा हिशेबात पक्के, शेतीत त्यांचा शब्द गाव मानतं. पण दोन वर्षांपासून व्हिडिओ पाहून पाहून त्यांचं ठाम मत झालंय, की अमेरिकेची माणसं चंद्रावर गेलीच नाहीत. पानठेल्यावर रोज सभा भरते. ‘हवा नाई तं झेंडा हालते कसा?’ ‘आभाळात एकबी तारा नाई, म्हंजे स्टुडिओच!’ ‘आपल्या चांद्रयानाले चाळीस दिवस लागले, त्याईले चार दिवसात कसं जमलं?’ मी बी.एस्सी. झालो म्हणून मंडळानं यंदा कोजागिरीला मला अर्धा तास दिलाय. मोठेबाबा पहिल्या रांगेत बसणार. त्यांचा अपमान होऊ नये आणि गावानं मलाही हसू नये, असं काय करता येईल?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:
भाऊ, मंडळानं अर्धा तास दिला असला तरी वीस मिनिटांत आटपा. दुधाचा वास सुटला की गावाचं लक्ष कढईकडे जातं, मग नील आर्मस्ट्राँग स्वतः मंचावर आला तरी कोणी वळून पाहणार नाही.

कोजागिरीच्या आठवडाभर आधी मोठेबाबांकडे जाऊन बसा आणि दोनच गोष्टी विचारा. तुमच्या सगळ्या मुद्द्यांतला सर्वांत पक्का कोणता? आणि काय दाखवलं तर तो सोडाल? उत्तरं त्यांच्यासमोर कागदावर लिहून घ्या. या वादात एका मुद्द्याचं उत्तर दिलं की समोरचा झेंड्यावरून ताऱ्यांवर, ताऱ्यांवरून सावल्यांवर उडी मारतो आणि तासाभरानं गाडी परत झेंड्यावर येते. कागद असला की गाडी जागेवर राहते. ‘काहीबी दाखव, मी मानत नाई’ असं म्हणाले तर तेही लिहा. मग कार्यक्रम बाकीच्या गावासाठी करा आणि त्यांना दूध वाढा.

एक मात्र मनात पक्कं ठेवा: त्यांचे प्रश्न मूर्खपणाचे नाहीत. हवा नसताना कापड कसं हललं, हे विचारायलाच हवं. घोटाळा पुढे होतो, जेव्हा नासाला विचारलेला प्रश्न व्हिडिओ बनवणाऱ्याला कोणी विचारत नाही. यातले बरेच आक्षेप १९७६ साली बिल केसिंग नावाच्या अमेरिकन माणसानं स्वखर्चानं छापलेल्या पुस्तकापासून फिरताहेत. पन्नास वर्षांत त्यांची उत्तरंही तितक्याच वेळा दिली गेली, पण उत्तरांचे फॉरवर्ड येत नाहीत.

आता झेंडा. माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो ११ मोहिमेचा (१९६९) झेंडा नायलॉनचा, पाच फूट बाय तीन फूट. हवा नाही, कापड लोंबकळत राहणार, हे नासालाही कळत होतं. म्हणून वरच्या कडेला नेफा शिवून त्यात आडवी नळी घातली होती. ती एकात एक सरकणारी नळी पूर्ण उघडली नाही, त्यामुळे कापड आखडून राहिलं. त्यात घडी घालून नळकांड्यात भरून नेलेलं, त्या चुण्याही तशाच. फोटोत जे ‘फडफडणं’ दिसतं ते हेच.

हे गावात दाखवता येतं. जुन्या पातळ नायलॉन साडीचा पाच बाय तीन फुटांचा तुकडा घ्या, शिंप्याकडून वरच्या बाजूनं नेफा शिवून घ्या. तुकडा घट्ट घडी घालून चार दिवस गादीखाली ठेवा. नेफ्यात साडेचार फुटांचीच काडी घाला आणि कापडाची दोन्ही टोकं काडीच्या दोन्ही टोकांना बांधा. अर्धा फूट कापड जास्तीचं राहतं, तिथेच लाट पडते. काडी आठ फुटी बांबूला आडवी बांधून बांबू माती भरलेल्या डब्यात रोवा. समाजमंदिराची दारं-खिडक्या लावून पंखे बंद करा आणि मोबाइलनं फोटो काढा. बंद खोलीत वारा सुटल्यासारखा फोटो येतो. सुती जाड कापड घेतलं तर ते सरळ लोंबतं आणि प्रयोग फसतो. तिरंगा तर अजिबात वापरू नका, वाद ध्वजसंहितेवर जाईल आणि चंद्र बाजूला राहील.

हललं कसं? हातानं. अंतराळवीर खांब जमिनीत पिळून रोवत होते. तुम्हीही बांबू पिळून दाखवा, कापड हलेल आणि थोड्याच वेळात थांबेल, कारण आजूबाजूची हवा त्याला थांबवते. चंद्रावर थांबवणारी हवा नसल्यानं ते जास्त वेळ हललं. म्हणजे झेंड्याचं हलणं हवा नसल्याचीच खूण आहे. हे वाक्य मोठेबाबांना आवडेल असं नाही, पण ते त्यावर विचार करतील.

ताऱ्यांच्या प्रयोगासाठी कोजागिरीइतकी चांगली रात्र वर्षात नाही. फोन तिपाईवर ठेवा, नसेल तर दोन विटांमध्ये गव्हाच्या पिशवीचा आधार द्या. कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड लावा. आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेड किती झटकन टिपतो तो आकडा) १००, फोकस अनंतावर, शटर १/१००० सेकंद. चंद्र अजून पांढरा फटक येत असेल तर १/२०००, मग १/४०००, जोवर चंद्रावरचे काळे डाग दिसत नाहीत तोवर. डाग दिसले की त्या फोटोत तारे मोजा. एकही नसेल. आता आयएसओ वाढवा, शटर काही सेकंदांचं ठेवा (आभाळच पांढरं पडलं तर दोन्ही थोडं कमी करा), तीन सेकंदांचा टायमर (बोटाच्या धक्क्यानं फोटो हलतो म्हणून) आणि चंद्र चौकटीच्या कडेला घ्या. ठळक तारे येतील, चंद्राचा मात्र दिव्यासारखा गोळा होईल. दोन्ही एका फोटोत आणून दाखवा, असं आव्हान मोठेबाबांनाच द्या.

चंद्रावर उतरलेली माणसं उन्हात उभी होती. तिथे सकाळ होती, आभाळ हवा नसल्यानं काळं. उन्हातला खडक आणि पांढरा पोशाख टिपायचा म्हणून त्यांच्या कॅमेऱ्यांचं शटर १/२५० सेकंद आणि छिद्र एफ ५.६ ते एफ ११ च्या दरम्यान असे. इतक्या कमी वेळात ताऱ्यांचा उजेड फिल्मवर उमटत नाही. सावधगिरी एवढीच, की फोनचा एआय कॅमेरा, सीन ऑप्टिमायझर किंवा असला जो काही पर्याय असेल तो आधी बंद करा. काही फोन चंद्र ओळखून त्यावर आपल्या मनानं डाग भरतात. अपोलोचे फोटो खरे ठरवायला आपणच बनावट चंद्र दाखवायचा, हा विनोद मोठेबाबा जन्मभर ऐकवतील.

‘सावल्या स्टुडिओतल्या दिव्यांच्या आहेत’ हाही एक आक्षेप असतो, त्यासाठी वेगळी तयारी नको. रात्रीच्या कबड्डी सामन्यात चार कोपऱ्यांत चार फोकस असले की प्रत्येक खेळाडूच्या पायाशी चार सावल्या पडतात. अपोलोच्या फोटोत माणसाला, यंत्राला, दगडाला सावली एकच, म्हणजे दिवा एकच. ‘सावल्या समांतर नाहीत’ म्हणणाऱ्याला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सरी-वरंब्याच्या शेतात न्या. एक काडी वरंब्यावर रोवा, एक सरीत, आणि दोन्ही सावल्या बघा. सूर्य एकच असतो, पण उंचसखल जमिनीवर सावली वाकते, आखूड होते. आर्मस्ट्राँग उतरला तेव्हा तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर होता, त्यामुळे सावल्या उंचीच्या पाचपट लांब होत्या.

हे झालं फोटोंचं. आमच्या मते मात्र सगळ्यांत भक्कम पुरावा फोटोत नाही, दगडात आहे. आणि दगडाचं तुमच्या भागातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही.

सहा मोहिमांतून बारा माणसं चंद्रावर उतरली आणि एकूण ३८२ किलो दगड-माती घेऊन आली. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे गोठलेला लाव्हा, बेसाल्ट. आपल्या पश्चिम विदर्भाच्या पायाखालचा काळा दगडही बेसाल्टच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तुमच्या शेतातली काळी माती त्याच दगडातून झाली. पाणी दगडात मुरतं, त्यातलं लोह गंजून मुरूम तांबूस होतो, खनिजांची चिकणमाती होते. पावसाळ्यात फुगून बैलाचे पाय धरणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी ती हीच माती. विहीर खणताना दगडाच्या पोकळ्यांत पांढरे-हिरवट स्फटिक सापडतात, तेही गरम पाण्यानं घडवलेले.

आता चंद्राचा बेसाल्ट. अपोलो ११ नं आणलेले दगड ३६० कोटी वर्षांच्याही पुढचे, म्हणजे आपल्या दगडाच्या पन्नासपटीहून जुने. तरी त्यात चिकणमाती नाही. लोखंडाचे सूक्ष्म कण धातूच्याच रूपात, न गंजलेले. पृष्ठभागावर उघडे पडलेल्या दगडांवर सूक्ष्म उल्कांच्या माराचे टाचणीच्या टोकाहून लहान खड्डे, आत काचेचा थर. पृथ्वीवर असे खड्डे पडत नाहीत, कारण तेवढे कण हवेतच संपतात. मोठेबाबांना हा भाग एका ताटात दाखवा. क्रशरवरून किलोभर चुरी आणा, शेतातून किलोभर काळी माती बारीक करून घ्या. दोन परातींत बोटभर थर द्या, दोन्हींत दीड-दोन पेले पाणी घालून कालवा आणि चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. काळ्या मातीला भेगा पडतील, चुरी आहे तशी राहील. दोघांचा मूळ दगड एकच, फरक फक्त पाण्यानं केलेल्या कामाचा. चंद्राची माती या चुरीच्या जातीची आहे आणि तिथे ते काम कोट्यवधी वर्षांत झालंच नाही.

इथे कोणी हुशार पोरगा म्हणेल, चांद्रयान-१ नं तर चंद्रावर पाणी शोधलं! बरोबर आहे. पण ते ध्रुवांकडच्या थंड सावल्यांतलं बर्फ आणि खनिजांना चिकटलेला अगदी अल्प अंश आहे. मुरूम व्हायला वाहतं, मुरतं पाणी लागतं.

दुसरा म्हणेल, अंटार्क्टिकातून चंद्राचे अशनी, म्हणजे आभाळातून पडलेले दगड, वेचून आणले असतील. पण पृथ्वीवर पडलेला चंद्राचा दगड शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा ओळखला १९८२ साली, शेवटची अपोलो मोहीम संपून दहा वर्षं झाल्यावर. शिवाय वातावरणातून येताना दगडाचं बाहेरचं कवच वितळतं आणि ते सूक्ष्म खड्डे पुसले जातात. अपोलोचे नमुने अमेरिकेनं कुलपात ठेवले नाहीत, देशोदेशीच्या प्रयोगशाळांना दिले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. देवेंद्र लाल यांच्या गटानं त्यात वैश्विक किरणांनी पाडलेल्या खुणा तपासल्या. पुढे रशियाच्या लूना १६ नं १९७० मध्ये माणूस न पाठवता १०१ ग्रॅम माती आणली, चीनच्या चांगअ-५ नं २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम. वेगळे देश, वेगळ्या जागा, पण बिनपाण्याचा तोच प्रकार.

लोणार तुमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे, मंडळाची सहल तिकडे काढा. बेसाल्टमध्ये अशनी आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर आहे. असं बेसाल्टमधलं विवर पृथ्वीवर विरळा, म्हणून १९७० च्या दशकात अभ्यासकांनी लोणारचे दगड चंद्राच्या दगडांशी ताडून पाहिले. धक्क्यानं काच झालेलं खनिज दोन्हीकडे मिळालं. तिथून दगड मात्र उचलू नका, ते संरक्षित क्षेत्र आहे.

चाळीस दिवसांचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडला, कारण तो इथल्या मातीतला आहे. चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघालं, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं. अपोलो ११ १६ जुलै १९६९ ला निघालं आणि आपल्या घड्याळानं २१ जुलैच्या पहाटे १.४७ ला उतरलं. फरक रॉकेटचा. सॅटर्न ५ हे ११० मीटर उंच आणि सुमारे २,९०० टनांचं, चंद्राकडे ४० टनांहून जास्त वजन एका दमात ढकलणारं. आपलं एलव्हीएम ३ साडेत्रेचाळीस मीटर, ६४० टनांचं. त्यानं ३.९ टनांचं यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. मग यानानं पृथ्वीच्या जवळून जाताना दर वेळी इंजिन थोडं पेटवून कक्षा लांब लांब केली आणि ३१ जुलैची मध्यरात्र उलटताच, १ ऑगस्टला, चंद्राची वाट धरली. ५ ऑगस्टला चंद्र गाठला. म्हणजे खरा प्रवास आपलाही चार-पाच दिवसांचाच. पुढचे दिवस कक्षा खाली आणण्यात आणि उतरायच्या जागी सूर्य उगवायची वाट पाहण्यात गेले. इंधन वाचलं, पैसा वाचला. माणसं असती तर चाळीस दिवसांचा प्राणवायू, पाणी, जेवण लादावं लागलं असतं, म्हणून अमेरिकेला घाई परवडली आणि करावीही लागली.

आणि हे आठवणीनं सांगा: चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरवरचा, म्हणजे चंद्राभोवती फिरणाऱ्या भागावरचा, कॅमेरा शंभर किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. त्यानं अपोलो ११ आणि १२ च्या उतरण्याच्या जागांचे फोटो काढले आहेत, मागे राहिलेला यानाचा खालचा भाग त्यात दिसतो. नासावर विश्वास नसेल तर इस्रोवर ठेवायला मोठेबाबांची हरकत नसावी.

‘यान उतरलं तर इंजिनाखाली खड्डा का पडला नाही?’ हा मुद्दा आकड्यांत मिटतो. उतरताना यानाचं चंद्रावरचं वजन सुमारे १,२०० किलोच, आणि इंजिनाचं तोंड दीड मीटर रुंद. भागाकार केला की चौरस सेंटीमीटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास दाब येतो. साठ किलोचा माणूस अनवाणी उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली याच्या दुपटीहून जास्त दाब असतो. वरची धूळ उडाली, विहीर खणली गेली नाही.

‘परत का नाही गेले?’ परत गेले, आणखी पाच वेळा उतरले, डिसेंबर १९७२ पर्यंत. मग पैसा आटला. १९६६ साली अमेरिकी केंद्र सरकारच्या खर्चातले चार टक्क्यांहून जास्त नासाला मिळत, आता अर्धा टक्काही मिळत नाही. शर्यत जिंकून झाली होती, अपोलो १८, १९, २० रद्द झाल्या.

शाळेची दुर्बीण कोणी आणली आणि ‘दाखव झेंडा’ म्हणाला, तर आधीच सांगून टाका की दिसणार नाही. मागे राहिलेला यानाचा भाग चारेक मीटरचा, अंतर ३,८४,४०० किलोमीटर. एवढ्यावरून तो नुसता ठिपका म्हणून ओळखायलाही साठ मीटरच्या आसपास व्यासाचा आरसा लागेल, आज जगातले सर्वांत मोठे दहा मीटरच्या घरातले आहेत. अंतराळातल्या हबल दुर्बिणीलाही तिथे नव्वद-शंभर मीटरहून लहान काही वेगळं दिसत नाही. पण १० बाय ५० च्या साध्या द्विनेत्रीतून जागा दाखवता येते. चंद्राच्या काठाजवळ एकटाच पडलेला छोटा गोल काळा डाग शोधा, त्याच्या शेजारचा मोठा डाग म्हणजे शांतिसागर, सी ऑफ ट्रँक्विलिटी. आर्मस्ट्राँग तिथे उतरला.

लेझरचा पुरावा लोक फार मिरवतात. अपोलो ११, १४ आणि १५ नं ठेवलेल्या आरशांवर आजही लेझर मारतात, अडीच सेकंदांत उजेड परत येतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर सरकतोय हे त्यातूनच मोजलं गेलं. पण तुम्ही हा पुरावा पुढे करू नका. रशियाच्या लूनोखोद गाड्यांवरही असे आरसे आहेत आणि त्यांच्यासोबत कोणी माणूस गेला नव्हता. मोठेबाबा हे बरोबर पकडतील आणि तुमचे चांगले मुद्देही त्या नादात वाहून जातील.

त्यापेक्षा रशियाचाच विचार करायला लावा. धुऱ्यावरून तीन पिढ्या भांडणारा भाऊबंद तुम्ही हातभर सरकलात तरी तलाठ्याला बोलावतो. रशिया तसा शेजारी होता. त्यांचं लूना १५ हे यान अपोलो ११ ची माणसं चंद्रावर असतानाच चंद्राभोवती फिरत होतं आणि ती माणसं परत उडायच्या दोनेक तास आधी चंद्रावर आदळलं. इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेनं दोन्हींचे संदेश ऐकले. अमेरिकेनं खोटं केलं असतं, तर जगात सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं मॉस्को ओरडलं असतं. ते गप्प राहिले.

कार्यक्रमात परातींनी सुरुवात करा, मग झेंडा, आणि चंद्र चांगला वर आला की नऊच्या सुमारास फोटो. फोटो मोठेबाबांच्याच फोनवर, त्यांच्याच हातानं काढायला लावा, सेटिंग तेवढी तुम्ही लावून द्या. ‘पाहा, मी म्हणत नव्हतो!’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका, शेजारच्या पोरांनाही तंबी द्या. त्यांनी नवा प्रश्न काढला तर तो कागदावर दुसऱ्या क्रमांकाला लिहा आणि उत्तर पुढच्या पौर्णिमेला देतो म्हणा. ढग आले तर परात आणि झेंडा समाजमंदिरात उरकून घ्या, फोटो दुसऱ्या रात्री आठनंतर काढा. एका दिवसानं चंद्राच्या उजेडात विशेष फरक पडत नाही, तीच सेटिंग चालते.